तुंबाभर पाणी

"हळू गं आक्का! पाठ आहे माझी, पातेल्याचं बूड नव्हे!"

जैनाबा ओरडली आणि कुंपणापलीकडे ताटकळलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. हसतीलच. माझी थोरली बहीण तिदा, आमची आक्का, आपल्याच सवतीला मूल व्हावं म्हणून न्हाऊ घालत होती.

आमच्या बाकाऊ गावातलं मगरींचं तळं आमच्या घराण्याकडे. मूल नसलेल्या बायका तळ्याला वाहायला कोलाच्या बिया घेऊन यायच्या, आणि घराण्यातल्या बाईनं त्यांना तळ्याच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं. ते काम आक्काचं. आम्ही देणारे, स्वतःसाठी मागायचं नाही, अशी आमची रीत. आक्काची कूस उजवली नाही, तरी तिनं तळ्याकडे काही मागितलं नाही. तिच्या नवऱ्यानं, लांदिंगनं, जैनाबाला आणलं. तिचीही वर्षं तशीच जायला लागली, तेव्हा तोच म्हणाला, "तिदा, हिला तू न्हाऊ घाल."

काठावर म्हातारी मगर जबडा वासून ऊन खात होती.

"मीट ते तोंड," आक्का तिला म्हणाली. "बायकांची अंघोळ चाललीय."

मग तिनं डोळे मिटून जैनाबासाठी मूल मागितलं. जैनाबानं ओल्या हातानं तिचा भोपळ्याचा तुंबा धरला.

"आक्का, एक तुंबा स्वतःवर ओत ना. कोण बघतंय?"

"तळं बघतंय."

"बघू दे. त्याला काय पाण्याचा तोटा?"

आक्का हसली. तुंबा भरलेला, हात अर्धवट उचललेला. मला वाटलं, ओततेय. तेवढ्यात कुंपणापलीकडून कुणीतरी हाक मारली, "आमचा नंबर येणार की नाही आज?" आक्कानं ते पाणी बाटलीत भरलं आणि जैनाबाच्या हातात दिलं. सगळ्याच बायकांना देत असे, घरी अंगाला लावायला.

मुलगा झाला. आक्कानं त्याला पाठीला बांधून अख्खी आळी फिरवली. तो दुडुदुडु धावायला लागला तोवर लांदिंगला सेरेकुंडात काम मिळालं. जैनाबा आणि मूल त्याच्याबरोबर गेले. आक्का कशी जाणार? तळ्यावर बायका खोळंबल्या असत्या. सणाला मुलगा यायचा, "मोठी आई" म्हणत वाकायचा आणि लगेच पोरांत पळायचा. ती दाराशी उभी राहून बघायची.

आक्का वारली तेव्हा जैनाबा सकाळीच आली. न्हाऊ घालायला आम्ही तिघी होतो: मी, ती आणि इमामसाहेबांची बायको. जैनाबानं कपड्यांच्या गाठोड्यातून बाटली काढली. पाणी अर्धं, तळाशी हिरवा साका.

"हे आणि काय?" इमामसाहेबांच्या बायकोनं विचारलं.

"तिचंच आहे. मी अर्धं ठेवलं होतं तिच्यासाठी. दर सणाला आणायचे आणि परत न्यायचे. अंगावर ओत म्हणायला धीर झाला नाही."

"अगं, मेल्या माणसाला स्वच्छ पाणी लागतं."

"ते नंतर घाला. आधी हे."

इमामसाहेबांच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. चादरीखाली हात घालून जैनाबानं ते पाणी आक्काच्या पोटावर ओतलं. तिचे ओठ हलले. काय मागितलं, मी विचारलं नाही.

मग रीतीप्रमाणे आम्ही स्वच्छ पाणी घातलं. हिरवट ओघळ मोरीतून अंगणात गेला. आक्काला कुशीवर वळवून मी पाठीला हात लावला, तशी जैनाबा म्हणाली,

"हळू गं."