माझ्यावरचा ताण मला विचारा

मी दोरी बोलतेय. गाठोडी बांधायची किंवा कपडे वाळत घालायची नव्हे, चांगली प्रयोगशाळेतली. कारखान्यात शंभर मीटरच्या रिळावर माझा जन्म झाला. पुढे कात्रीने मला सव्वा मीटरची करून शाळेच्या कपाटात धाडलं. लांबी गेली म्हणून मी रडत बसले नाही. इथे मला काम होतं, आणि तेही मानाचं.

माझ्या एका टोकाला रबरी गोळा, दुसऱ्या टोकाला वजन, आणि मधे मी एका गुळगुळीत नळीतून ओवलेली. नळी हातात उभी धरून गोळा गरगर फिरवला की मी तिरपी होते आणि हवेत शंकू काढते. याला म्हणतात शंक्वाकार लंबक. नाव भारदस्त, प्रश्न मात्र साधा: दोरीवर ताण किती? गोळा फिरताना खाली लटकलेलं वजन जिथल्या तिथे राहिलं, की तेवढाच माझा ताण. मी आजवर खोटं सांगितलेलं नाही.

पण मुलं माझ्याआधी वहीला विचारतात. मागच्या धड्यात इकडून तिकडे झुलणारा लंबक असतो. त्यातलं सूत्र उचलायचं, वजनाला कोनाच्या कोसाईनने गुणायचं आणि मोकळं व्हायचं! खरं तर इथे गुणायचं नसतं, भागायचं असतं. गोळ्याचं सगळं वजन मीच तोलायचं, वर त्याला आत ओढून वर्तुळातही मीच ठेवायचं. मग माझा ताण कमी कसा होईल? प्रयोग शिकवणाऱ्या बाईंची लाल शाई दरवर्षी याच पानावर संपायची.

एका वर्षी ही चूक वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीने केली, आणि नेमकी घरी केली. तिच्या वडिलांचा बागेत साखळ्यांना टांगलेल्या फिरत्या खुर्च्यांचा पाळणा होता. त्यांनी नवी जोरकस मोटर बसवली होती. खुर्च्या आता उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत बाहेर फेकल्या जाणार होत्या. "जुन्या साखळ्या टिकतील का, जरा काढून दे गं," ते म्हणाले. तिने जेवता जेवता उत्तर दिलं, साठ अंशांचा कोसाईन अर्धा, म्हणजे ताण वजनाच्या निम्माच. बाबा खूश झाले. रविवारी पाळणा सुरू व्हायचा होता, आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या फेरीत घरचीच माणसं बसणार होती.

शुक्रवारी प्रयोगाला तिची पाळी आली. गोळा दोनशे ग्रॅमचा, कोन साठ अंश. तिने ऐटीत खाली शंभर ग्रॅम लावले. फिरवायची वेळच आली नाही. नळी उभी धरताच गोळा सरसर खाली आणि वजन टुणकन वर!

"बाई, ही दोरी बिघडलीये."

बाई हसल्या. "दोरी कशाला बिघडतेय? गोळा नुसता लटकला तरी दोनशे लागतात. फिरताना त्याहून कमी कसे लागतील?"

मग ती वजन वाढवत गेली. चारशे ग्रॅम झाले तेव्हा मी साठ अंशांवर तिरपी झाले आणि खालचं वजन शांत राहिलं. निम्मा कुठला, दुप्पट ताण! बाईंची परवानगी घेऊन तिने मला नळी, गोळा आणि वजनांसकट दप्तरात घातलं आणि तडक बाग गाठली.

बाबा साखळ्यांना तेल देत होते.

"बाबा, माझं उत्तर चुकलं. साखळ्या बदलायला हव्यात."

"काहीतरीच काय! वीस वर्षं बघतोय मी. खुर्ची वर उचलली जाते म्हणजे हलकीच होते की."

"हलकी नाही होत, साखळी तिला ओढून धरते. तुम्हीच फिरवून बघा."

बाबांनी नळी हातात घेतली. चारशे ग्रॅम तोलून धरणारी माझी ओढ त्यांनी पाहिली, पण माणूस हट्टी. "आणि जोर वाढवला तर?" असं म्हणत त्यांनी वेग वाढवला. वजन चढत चढत नळीच्या तोंडाशी अडकलं. आता मला सरकायला जागाच उरली नाही. ताण वाढतच गेला. मी ओरडून सांगितलं असतं, पण आम्हा दोऱ्यांना तोंड कुठे असतं? मी तुटले.

वजन बाबांच्या पायावर आदळलं. गोळा रिकाम्या खुर्च्यांवरून उडत कुंपणापलीकडे पडला. पाय चोळायचं सोडून बाबा त्या खुर्च्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी कामगाराला हाक मारली, "सगळ्या साखळ्या उतरव. रविवारचं रद्द." आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं गं, सांगायला आलीस." चूक कबूल करताना तिचा आवाज जराही कापला नव्हता. आता मात्र ती हुंदके देऊन रडली.

तुटल्याचं मला दुःख नाही. माझा एक तुकडा बाईंच्या कपाटात आहे, दुसरा त्या मुलीकडे. विनंती एवढीच, की कागदावर उत्तर आलं तरी एकदा आम्हालाही विचारत जा. उत्तर वजनाहून कमी आलं, तर आधी दोरीला बोल लावू नका.

तीन आठवड्यांनी, नव्या जाडजूड साखळ्यांवर पाळणा फिरला. मी तिच्या खिशात होते. शेजारच्या खुर्चीत बाबा, पुढच्या खुर्चीत डोळे गच्च मिटून आई. वेग वाढला, खुर्च्या साठ अंशांवर उघडल्या. मी खिशातून डोकावून वर साखळीकडे पाहिलं. तिच्यावर दुप्पट ओझं होतं, आणि ती ते बिनघोर पेलत होती.