डबा कुठल्या फळीवर

धाकटीने आईच्या खिशातल्या डबीत वायर खोचली. दिवा हिरवा झाला, तशी आईने बजावलं,

“ही शेवटची खेप. आज नाही जमलं तर ही डबी कपाटात जाईल.”

आईचंही चुकत नव्हतं. तिला कमी ऐकू येऊ लागल्यावर धाकटीने ऐकण्याचं हे यंत्र स्वतः जुळवलं होतं, पण आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचायचा. सगळे हसून मोकळे झाले की आई हसायची आणि मग सगळे तिच्याकडे बघायचे. हल्ली तिने हसणंच सोडलं होतं. धाकटीला ते फार लागलं होतं.

खोट सापडायला तीन आठवडे गेले. डबीत शिरलेला आवाज म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. ती आधी पायथन भाषेतल्या प्रोग्रामकडे यायची, तिथून गोंगाट निवडून काढायला सी भाषेतल्या चपळ प्रोग्रामकडे जायची. देताना पायथन एकेक आकडा उचलून नव्या रांगेत मांडायचा, घेताना पुन्हा तेच. शेजारणीला डबाभर धान्य द्यायचं आणि तेही दाणा दाणा मोजून, असला कारभार. आता धाकटीने रांग जागची हलवलीच नव्हती. मेमरीत ती कुठे आहे आणि किती लांब आहे, एवढंच ती कळवत होती. डबा अमुक फळीवर आहे, तिथल्या तिथे निवडा.

तपासणीसाठी बाबांनी आपला ठेवणीतला विनोद काढला. तो संपायच्या आधीच आई हसली. धाकटीने डबीचा दिवा पुन्हा तपासला. आवाज उशिरा पोचेल, पण बोलायच्या आधी कसा पोचेल?

तीस वर्षं हाच ऐकतेय, शेवट पाठ झालाय, असं आईने सांगून टाकलं. म्हणजे परीक्षा पाण्यातच गेली.

जेवताना बाबा पाण्याचा जग आणायला उठले. आईला कमी ऐकू येऊ लागल्यापासूनच्या दोन वर्षांत त्यांना पाठ फिरवून खुशाल पुटपुटायची सवय लागली होती.

“भाजीत मीठ जरा...”

“डॉक्टरांनी तुम्हालाच कमी सांगितलंय,” आई मध्येच म्हणाली आणि ताटात वाढत राहिली. आपण काय केलं हे तिच्या गावीही नव्हतं.

बाबा जग धरून तसेच उभे राहिले. धाकटीने घास खाली ठेवला. ती एकटीच हसत होती.

मग बाबांनी जग मुद्दाम पुन्हा ओट्यावर ठेवला, पाठ नीट फिरवली आणि अगदी हळू म्हणाले,

“करपलीसुद्धा आहे थोडी.”

त्यांना उत्तराची वाट बघावी लागली नाही.