तेलाचा हात

माझे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा इस्पितळात त्यांना पाण्याने आंघोळ घालत नसत. पाकिटातून औषधाचे ओले वाइप्स निघत. हातांना एक, पाठीला दुसरा, तोंडाला मात्र नाही. वर पाणी लावायचं नाही, अंग आपलं आपण वाळू द्यायचं, म्हणजे जंतू जवळ फिरकत नाहीत. तो कडवट वास अजून माझ्या नाकात आहे.

वन्संना, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला, हे पटेना. "ही कसली आंघोळ? टेबल पुसावं तसं माणूस पुसतात!" आई लवकर गेलेली, या भावाला वन्संनीच तेल लावून, न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. सिस्टरची पाठ वळली की त्या पिशवीतून तेलाची बाटली काढत आणि भावाचे कोरडे पाय चोळत. यजमानांची वाचा गेली होती, पण तेलाचा हात लागला की कपाळावरची आठी मोडायची. मला हसू येई. सत्तरी ओलांडलेलं बाळ!

मग अंगावर लाल चट्टे उठले. सिस्टरला बाटली सापडली.

"आजी, तेलाने औषधाचा गुण जातो. चट्टेही त्यानेच आलेत. आता हात लावायचा नाही हं."

वन्सं गोऱ्यामोऱ्या झाल्या. "मीच बाधले गं बाळाला," एवढंच म्हणाल्या आणि खुर्ची दाराशी ओढून बसल्या.

तेल थांबलं तरी चट्टे पसरतच गेले. पोटावर, काखेत, जिथे तेल कधी लागलंच नव्हतं. मी पांघरूण उचलून डॉक्टरांना दाखवलं.

"वाइप्समधलं औषधच सोसत नाहीये यांना," ते म्हणाले. "क्वचित होतं असं. आजपासून बंद. साधं कोमट पाणी वापरा."

सिस्टर स्वतः वन्संकडे गेली. "आजी, माझं चुकलं. तुमच्या तेलाने नव्हतं झालं ते."

"असू दे पोरी."

पण त्या उठल्या नाहीत. मी म्हटलं, "वन्सं, या ना. पाय चोळा त्यांचे."

"आधी चट्टे जाऊ देत. माझा हात नको आत्ता."

चट्टे फिके पडू लागले होते. ते पुरते जायच्या आत हेच गेले.

सिस्टरने कोमट पाण्याचं भांडं आणून ठेवलं, पडदा ओढला. तेव्हा कुठे वन्सं दारातून आल्या. भावाचा पाय मांडीवर घेऊन टाचेवर अंगठा फिरवला.

"किती फुटलाय गं." मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "आता लावू? कुणी रागावणार नाही ना?"

मी बाटलीचं टोपण उघडून दिलं. त्या बराच वेळ चोळत राहिल्या. कपाळाकडे मात्र आम्ही दोघींनीही पाहिलं नाही.