बिनडिस्कच्या मशिनी

दोन हजार सालच्या सुमाराला मुरबाडच्या एसटी स्टँडमागे स्वरूपचा कॉम्प्युटर क्लास होता. पाटीवर नाव स्वरूपचं, डोकं त्याच्या बायकोचं, नेहाचं. स्वस्तात पडाव्यात म्हणून मशिनी घेतल्या त्या हार्ड डिस्क नसलेल्या. चालू केल्या की बिचाऱ्यांना स्वतःचं काहीच ठाऊक नसायचं. आपला पत्ता काय, काम काय, सगळं कोपऱ्यातल्या सर्व्हरला विचारायचं. प्रत्येकीच्या नेटवर्क कार्डाचा नंबर आणि त्यापुढे तिचा पत्ता नेहाने सर्व्हरमध्ये हाताने भरला होता. विजेच्या झटक्याने कार्ड जळलं आणि नवं बसवलं, की सर्व्हर त्या मशिनीला ओळखच दाखवायचा नाही. मग एकच ओरडा, नेहाला बोलवा!

त्यामुळे सून रोज क्लासला जायची आणि घरात कुणी हूं की चूं करत नव्हतं.

कल्याणच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली, तेव्हा ती अडचणीत पडली. आपण गेलो तर क्लास बसेल, म्हणून घरचे सोडायचे नाहीत. मग दुपारच्या सुट्टीत बसून तिने ती यादी काढून टाकली आणि सर्व्हरलाच सांगून ठेवलं, कुणीही पत्ता मागो, मोकळा असेल तो देऊन टाक. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम उशिरा गेली. सगळ्या मशिनी आपल्या आपण चालू झाल्या होत्या. नेहाला इतका आनंद झाला की तिने घरी जाताना स्टँडवरून भजी नेली.

जेवताना तिने ते सांगितलं. सासरे रघू एकदम खूश.

"बेस केलास! मंग आता तुला तिथं जायाची गरजच नाय. घरात बस आरामात."

"नाय बाबा, म्हणून तर कल्याणची नोकरी..."

"कल्याण? घरचा क्लास म्हून आमी जाऊ दिला. लोकांच्या दारात सून धाडू काय?"

नेहाने नवऱ्याकडे पाहिलं. "तू जा गो, मी हाय ना," असं अर्ज भरताना म्हणणारा हा शूर आता ताटातलं भजं मोडत बसला होता. तिला त्याचा संताप आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. दार उघडायला गेली आणि होता तो झरोकाही बंद करून बसली.

"माझा डबा राहिलाय क्लासात," ती म्हणाली. "उद्या जाऊन आणते."

सकाळी पोरं यायच्या आत ती सर्व्हरपुढे बसली. पत्ते देण्याची सोय काढून टाकायला एक क्षण पुरला. जुनी यादी तर आधीच गेली होती. डबा घेऊन ती घरी आली आणि तांदूळ निवडायला बसली.

थोड्याच वेळात स्वरूपचा फोन आला. एकही मशीन चालू होईना, पोरं फी परत मागतायत. रघूने स्वतः स्कूटर काढली.

"चल गो पोरी, तुझ्याबिगर त्या हलायच्या नायत. रोज जा, कोन आडवतो बघू! पन ते कल्याण डोक्यातून काढ."

"काढलं, बाबा," नेहा म्हणाली.

क्लासात तिने पहिल्या मशिनीच्या कार्डाचा नंबर पाहिला आणि हाताने भरायला घेतला. मशीन चालू झाली तशी पोरांनी टाळ्या वाजवल्या. नेहाला रडू येत होतं. पुढचा नंबर ती अगदी सावकाश भरू लागली. सगळे भरून झाले की घरी जायचं होतं.