दारावरचं ‘आत या’

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी गणेशपट्टी आहे. म्हणजे दाराच्या चौकटीवरची आडवी फळी. सध्या बारामतीजवळच्या जळोचीत, रविंद्रच्या नव्या घरात, बैठकीच्या भिंतीवर असते. माझ्याखाली जुन्या दाराच्या दोन कड्या आणि एक कौल टांगलंय. पाहुणे विचारतात, “वर ही कोरी फळी कशाला?” त्या प्रश्नानं माझा जीव कासावीस होतो. मी कोरी नव्हते हो!

माझा जन्म भीमेकाठच्या एका गावातला. सुताराने माझ्यावर सुरेख गणपती कोरला. पुढं धरणाच्या पाण्यात गाव गेलं, घरं मोडली, आणि वरकुटे गावच्या धोंडीबानं मला विकत घेऊन आपल्या दारावर बसवलं. धोंडीबाचं घर बौद्ध. त्यानं गणपतीची बाजू आत, भिंतीकडं केली. शेजारी म्हणाला, “तासून टाक की.” धोंडीबा म्हणाला, “न्हाय. कुणीतरी जीव लावून कोरलंय. आपण कशाला छिन्नी लावायची?”

माझ्या कोऱ्या बाजूवर मात्र त्यानं स्वतः कोरलं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात तो नुकताच अक्षरं शिकला होता. चार दिवस खपून त्यानं दोनच शब्द काढले, ‘आत या’. ‘त’ वाकडा आणि ‘या’ खाली घसरलेला. लहानपणी तो लोकांच्या दाराबाहेर उभा राहूनच बोलायचा. त्याला आत कुणी बोलवत नसे. म्हणून आपल्या दारावर त्याला हेच शब्द हवे होते. मला त्याचा फार अभिमान वाटे.

धोंडीबा गेला. शहाण्णव साली त्याच्या मुलानं, रविंद्रनं, गावातलं मातीचं घर पाडायला काढलं आणि जळोचीत नवं बांधलं. त्याची आई लक्ष्मीबाई सांगवीला लेकीकडं निघताना एवढंच म्हणाली, “पट्टी तेवढी जपून ठेव.” रविंद्रनं जपली. त्याच्या बायकोनं, मेघनानं, एका दिवाळी अंकात जुन्या लाकडाची भिंतीवरची सजावट पाहिली होती. आईला चकित करायचं ठरलं. बँकेत जायच्या घाईत रविंद्रनं मला बारामतीला जोतीराम मिस्त्री या सुताराकडं टाकलं आणि म्हणाला, “घासून चकाचक करा. भिंतीवर लावायचीय.” दोन शब्द जास्त बोलला असता तर!

जोतीराम भला माणूस. त्यानं गणपतीच्या सोंडेतली धूळ दात घासायच्या ब्रशनं काढली. मग मला उलटं केलं आणि रंधा फिरवला. आधी ‘त’ गेला, मग ‘या’. धोंडीबाचे चार दिवस भुसा होऊन त्याच्या पायाशी पडले. मला ओरडता आलं नाही.

लक्ष्मीबाई सांगवीहून नव्या घरी आली. भिंतीकडं पाहून थबकली. “रवी, ही आपल्या दाराची पट्टी?”

“व्हय आई. छान दिसते ना?”

“तुझ्या बाचं अक्षर कुठं हाय?”

रविंद्रनं मला खाली काढून उलटवलं, आणि त्याचा चेहरा पडला. धोंडीबाच्या हाताचं दुसरं अक्षर घरात कुठंच नव्हतं. जोतीरामला बोलावणं गेलं. तो खाली मान घालून म्हणाला, “मावशी, देवाची बाजू तीच सुलटी, असं धरून चाललो. मागं कुणी रेघोट्या ओढल्यात वाटलं. भिंतीला नीट बसावी म्हणून सपाट केली.”

“बाबा,” लक्ष्मीबाई म्हणाली, “त्यांनी तुझ्या देवाला छिन्नी लावली न्हवती.”

जोतीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. “पुन्हा कोरून देतो, मावशी.”

“तुझं अक्षर सुबक येईल रं. मला त्यांचं वाकडं पायजे हुतं.” तिनं माझ्या गुळगुळीत पाठीवरून बराच वेळ बोटं फिरवली. मग म्हणाली, “दारावर होती तशीच लावा. हीच बाजू म्होरं.”

मित्रांनो, जुन्या वस्तूला हौसेनं नवं रूप द्या, पण हत्यार लावण्याआधी तिला उलटून पाहा, आणि घरातल्या जुन्या माणसाला विचारा. माझी अक्षरं आता परत येणार नाहीत.

दाराशी कुणी आलं की लक्ष्मीबाई दुसऱ्या कुणाला उठू देत नाही. गुडघे धरत स्वतः दारापर्यंत जाते आणि म्हणते, “आत या.”