मिनिटवहिनी

"अकरा!"

मिनिटवहिनींनी घड्याळावरची नजर न हलवता पुकारा केला, आणि कोणीच निघालं नाही.

निघायला हवं होतं ते चष्मेवाल्यांनी. त्यांचा एक पाय पॅडलवर होता, एक डांबरावर, आणि नजर सरळ समोर, जणू पुकारा दुसऱ्याच कुणाचा झाला होता. चष्मेवाले म्हणजे वहिनींचे यजमान. वय एकोणसाठ, सायकल क्लबात एकतीस वर्षं, आणि स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत.

"अहो, अकरा झाली," वहिनी हळूच म्हणाल्या.

"ऐकलं. बहिरा नाही झालोय अजून."

मागे रांगेत खसखस पिकली.

आता या शर्यतीची गंमत अशी, की तिथे सगळे एकदम सुटत नाहीत. सगळ्यात हळू जाणारा सगळ्यात आधी निघतो, मग त्याच्याहून जलद, मग त्याच्याहून. क्लबातली सगळ्यात वेगवान नर्सबाई निघते अगदी शेवटी. कोणाला तिच्याआधी किती मिनिटं सोडायचं, हे वर्षभराच्या फेऱ्या बघून वहिनी ठरवायच्या. हिशोब बरोबर असला तर तळ्याला वळसा घालून सगळे एकाच वेळी रेषेवर परत यायला हवेत, आणि यायचेही. वहिनी दिवसा बस आगारात वेळापत्रकं लावायच्या, त्यामुळे रस्ता त्यांना मिनिटांत पाठ होता. सायकल मात्र जन्मात चालवली नव्हती. "पोहता येत नाही आणि नदीची खोली सांगते," असं चष्मेवाले चिडवायचे. पण सांगितलेली खोली कधी चुकली नव्हती, हेही तेच चारचौघांत छाती फुगवून सांगायचे.

गेल्या वर्षी चष्मेवाल्यांना सहा मिनिटं होती. परवा यादी लागली, तीत अकरा.

त्या संध्याकाळी चष्म्यांचं दुकान बंद करून ते घरी आले तेच धुमसत. "अकरा? सहाची एकदम अकरा?"

"गेल्या वर्षी तुम्ही चढावर उतरत नव्हता."

"एकदा उतरलो. चेन सुटली होती."

"चार रविवारी चार वेळा सुटली होय?"

"हे बघ, दया करायची तर देवळापुढे बसलेल्यांवर कर. सगळा क्लब म्हणणार, घरच्या माणसाच्या पानात जास्तीचं वाढलं."

"मी एक सेकंदही इकडचा तिकडे केलेला नाही," वहिनी ताडकन म्हणाल्या. "आणि दिवसभर गिऱ्हाइकांना सांगता ना, नंबर वाढणं म्हणजे काही गुन्हा नाही? मग तुमचा वाढला तर एवढं आकाशपाताळ कशाला?"

बोलून गेल्या आणि जीभ चावली. चष्मेवाल्यांनी ताट पुढे सरकवलं आणि उठले. तेव्हापासून दोन दिवस घरात भांड्यांशिवाय कोणी आवाज केला नव्हता.

"दहा!"

शाळेतल्या दोघी शिक्षिका बहिणी हसत निघाल्या. चष्मेवाले जागच्या जागी. क्लबाचे अध्यक्ष बेकरीवाले पुढे वाकले. "वहिनी, सांगा की जरा त्यांना."

"नियम आहे, भाऊ. ज्याच्या त्याच्या मिनिटाला निघायचं. गेलेलं मिनिट परत मिळत नाही."

"मीच त्यांना सांगायला हवं होतं यादीचं," बेकरीवाले म्हणाले. "सोनारानंच कान टोचावेत."

"नऊ!" वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चढलाच. "आठ!"

एकेक जण निघत होता. चष्मेवाले वहिनींच्या खुर्चीपासून दोन हातांवर खांबासारखे उभे. तेहतीस वर्षांचा संसार, आणि भर रस्त्यात बायको मिनिटं मोजतेय नि नवरा ती मुद्दाम वाया घालवतोय. रांगेतलं हसणं आता थांबलं होतं. कोणी उगाच टायर दाबून बघत होतं, कोणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होतं.

"सात!"

"सहा!"

"ही माझी," चष्मेवाले म्हणाले आणि निघाले.

नर्सबाई सगळ्यात शेवटी रेषेवर आली. ड्यूटी संपवून थेट आलेली, केस अजून पिनांनी घट्ट बांधलेले. "वहिनी, काळजी नका करू. काकांना गाठलं की माझ्या मागे धरून आणते, वारा लागणार नाही."

"तू तुझी शर्यत कर बाई. कोणाच्या मागे राहून येणाऱ्यांतले नव्हेत ते."

ती गेली, आणि रस्ता एकदम रिकामा झाला.

वहिनींना वर्षातला हा पाऊण तास फार आवडायचा. बेकरीवाले चहाचं बघायला मागच्या आपल्या बेकरीत गेलेले, समोर खडूची पांढरी रेघ, आणि ऊन झाडांच्या खोडांपर्यंत उतरलेलं. त्यांनी डोळे मिटले आणि सायकल न येणारी ती बाई निघाली नवऱ्याबरोबर. चौथ्या मिनिटाला गोदामाची लांब भिंत. नवव्याला पाण्याची टाकी, तिथे रस्ता गार होतो. बाराव्याला दोन्ही बाजूंना उंच गवत, त्यातून वारा वाहताना खाली कोणी हळू बोलतंय असं वाटतं. हे सगळं त्यांना चष्मेवाल्यांनीच सांगितलेलं, वर्षानुवर्षं, रात्रीच्या जेवणावर. वहिनी त्या गवतातून तरंगत जात होत्या, आणि पुढे सायकलवर जो माणूस होता त्याची पाठ सव्वीस वर्षांच्या पोराची होती.

ते पोर एकदा आगारात तावातावाने भांडायला आलं होतं. म्हणे, तुमचं वेळापत्रक साफ खोटं आहे, तुमची बस तळ्यावर पोचायच्या आधी मी पोचतो. खिडकीत नवी लागलेली कारकून मुलगी होती. ती म्हणाली, वेळापत्रक बरोबर आहे, तुम्हीच जास्त पळता. ते पोर हिरमुसलं, मग हसलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. तक्रार काहीच नव्हती, तरी आलं.

सव्विसाव्या मिनिटाला चढ. इथे वहिनींचे डोळे उघडले.

कारण चढ आला की हिशोब आठवायचा. हिशोब बाराचा होता. गेल्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर वही उघडून त्यांनी तो तीनदा केला, आणि तिन्ही वेळा बारा आले. बारा लिहिलंही. मग आत झोपलेल्या नवऱ्याचा श्वास ऐकू आला, आणि सहाची दुप्पट बघून त्यांचा चेहरा कसा होईल ते डोळ्यांपुढे आलं. वहिनींनी खोडरबर घेतलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा एक मिनिट खोडलं, अकरा केलं, आणि वर तोंड करून म्हणाल्या, एक सेकंदही इकडचा तिकडे केलेला नाही.

ऊन गेलं. रस्त्याच्या टोकाकडून गलका ऐकू आला, आणि सगळे एकदमच दिसले. रस्ताभर पसरून, माना खाली घालून, ओरडत आले, आणि रेषेवर असे आले की हात लांब केला असता तर पहिल्याचा नि शेवटच्याचा खांदा एकदम हाताला लागला असता. धाकट्या शिक्षिकेचं चाक वीतभर पुढे होतं. ती रस्त्यावरच बसली आणि हसत सुटली.

"काय हिशोब, वहिनी!" बेकरीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. "मानलं बुवा!"

वहिनींनी मान हलवली. घड्याळ मात्र थांबवलं नाही.

"काका चढाखाली भेटले," नर्सबाई धापा टाकत म्हणाली. "म्हटलं, धरा मागे. हसले आणि म्हणाले, जा पोरी, तुझी वेळ वाया घालवू नकोस."

सगळे चहाला आत गेले. एक मिनिट झालं. दोन. तीन. वहिनी उभ्या राहिल्या. पाच झाली तरी रस्त्यावर कोणी नव्हतं.

सहाव्याला ते आले. उतरून चालत नव्हते, सायकलवर ताठ बसून आले. रेषा नीट ओलांडली, उतरले आणि वहिनींच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"किती?"

"त्यांच्यामागून सहा."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. दोन दिवसांत पहिल्यांदा ते सरळ बायकोकडे बघत होते. "पाच मी इथे उभ्या उभ्या घालवली. ती माझी, कबूल. पण तुझी अकरा बरोबर असती तर मी पाचच मागे असतो. सहावं कुठलं?"

वारा होता, असं म्हणता आलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना ते पटलंही असतं, आणि वहिनींचं नाव राहिलं असतं.

"माझं," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"हिशोब बाराचा होता. मी अकरा लिहिली. तुम्हाला लागेल म्हणून. खोटं बोलले मी."

बेकरीतून हसण्याचा आवाज आला. चष्मेवाले खडूच्या रेघेकडे बघत राहिले. एवढ्या चाकांखाली ती पार विस्कटली होती.

"म्हणजे बारा असती, आणि मी गुमान निघालो असतो तर..."

"तर त्यांच्यात असता. अगदी इथे. कोण जाणे, पहिलेसुद्धा."

एकतीस वर्षांत ते कधी पहिले आले नव्हते. हे दोघांनाही माहीत होतं.

"पाच मी चोरली, एक तू," ते शेवटी म्हणाले. "नवराबायकोनं मिळून स्वतःचंच घर फोडलं म्हणायचं."

वहिनी हसायला गेल्या आणि त्यांना रडूच आलं. पदराने डोळे पुसले तरी थांबेना.

"अगं, रडतेस काय? वही काढ. पुढच्या वर्षीचं आत्ता लिही. आणि खरं असेल ते लिही."

वहिनींनी वही काढली. नवऱ्याकडे बघितलं, नवरा म्हणून नाही, यादीतल्या माणसाकडे बघावं तसं. खुर्ची धरलेला हात पांढरा पडला होता. ओठ कोरडे.

"चौदा," त्या म्हणाल्या.

"चौदा?"

"चौदा."

चष्मेवाल्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बरं. लिही."

वहिनींनी लिहिलं, खोडरबर मुठीत गच्च धरून. मग खुर्ची त्यांच्याकडे वळवली, आणि चष्मेवाले तिच्यावर बसले.