बांगडी वाढली

कपडे पिळताना मथुराबाईंची बांगडी कचकन तुटली.

"फुटली," त्या बोलून गेल्या.

"वाढली म्हन," ओट्यावरून त्यांच्या सासूनं, बयनाबाईंनी, टोकलं. "सवाशिनीची बांगडी वाढते. फोडतेत ते नवरा मेल्यावर."

बारा वर्षं म्हातारीनं घरातल्या शब्दांवर असाच पहारा ठेवला होता. एक्क्याऐंशी साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागोराव प्राणहितेपलीकडे सोयऱ्यांकडे म्हणून निघाले ते परतलेच नाहीत. नदी दुथडी भरलेली. गाव काय ते समजलं. पण बयनाबाईंसमोर 'वारले' म्हणायची कुणाची छाती नव्हती. 'गावाले गेला' म्हणायचं. घरात दिवासुद्धा विझवायचा नाही, शांत करायचा.

मथुराबाई त्या शब्दांवरच जगल्या. रोज संध्याकाळी नवऱ्याचं ताट वाढायचं, सकाळी ते गाईपुढे ठेवायचं. माहेरचे दोनदा न्यायला आले, त्यांना रिकाम्या हाती धाडलं. अजूनही फाटक वाजलं की त्या हातातलं काम टाकून दाराशी येत.

आज बारा वर्षं भरली होती. इतकी वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायची रीत. धाकटे दीर भगवंतराव अंगणात तो बांधत बसले होते.

"माय, दादाचा एखांदा कपडा दे. अंगावर घालाव लागते."

म्हातारी आत गेली. बऱ्याच वेळानं पेटीच्या तळातून एक रुमाल घेऊन आली, लाल काठाचा, डोक्याला बांधायचा. भगवंतरावांनी घडी उलगडली तशी वाळलेली माती पानांवर सांडली.

रुमालाच्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्याची शिवण होती. ती मथुराबाईंनी घातली होती, त्याच सकाळी. तोच बांधून नागोराव निघाले होते.

"हा तुमाले कवा सापडला, आत्याबाई?"

"त्याच आठोड्यात. काठावरच्या बाभळीले अटकला होता."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

बयनाबाई पानांवरची माती बोटांनी गोळा करू लागल्या.

"सांगतलं असतं तं तू माहेरी गेली असती. मंग त्याची वाट पाहाले माह्याजवळ कोन राह्यलं असतं?"

मथुराबाईंनी ओले हात पदराला पुसले. न्हाणीजवळचा दगड उचलून त्यांनी सासूपुढे ठेवला आणि दोन्ही मनगटं त्यावर टेकवली.

"तुमीच फोडा, आत्याबाई. तोंडानं म्हना आन फोडा."

म्हातारीचे ओठ हलले. शब्द काही फुटेना.